जुन्या लिथियम बॅटऱ्यांतले धातू: सायट्रिक ॲसिड वापरलं की काम स्वच्छ झालं का?

प्रश्नचिन्ह | सोमवार, २१:१०
नमस्कार मंडळी. इलेक्ट्रिक दुचाक्या, रिक्षा, लॅपटॉप, पॉवरबँक यांतून निघणाऱ्या जुन्या लिथियम बॅटऱ्या कुठेतरी फोडाव्या लागणारच आहेत. आपल्याकडे ती जागा म्हणजे तळोजा, नाहीतर ठाणे-बेलापूर पट्टा. कोबाल्ट, निकेल, लिथियम विरघळवायला सगळे सल्फ्युरिक ॲसिड वापरतात. पण सायट्रिक ॲसिडमध्ये, म्हणजे लिंबात असतं त्यातच, हे धातू ९० टक्क्यांच्या वर उतरतात हे प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. मग नव्या कारखान्याला प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतिपत्र देतानाच ‘सेंद्रिय आम्लच वापरा’ अशी अट का घालू नये? कासाडी नदी आणि ठाण्याची खाडी यांनी आजवर पुष्कळ सोसलंय. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

तुर्भे नाका | सोमवार, २१:२२
+१. खाडीला आणखी ॲसिड नको.

ओहमचा नियम | सोमवार, २२:०५
ॲसिडच्या टाकीपर्यंत माल पोचण्याआधीच बरंच काही बिघडलेलं असतं, म्हणून मी डिस्चार्जपासून, म्हणजे सेलमधला उरलेला चार्ज उतरवण्यापासून, सुरुवात करतो.

छोट्या गाळ्यातला सोपा मार्ग म्हणजे सेल मिठाच्या पाण्याच्या ड्रममध्ये टाकून ठेवणे. चार्ज असलेल्या सेलची दोन्ही टोकं खाऱ्या पाण्यात गेली की पाण्याचं विघटन सुरू होतं. एका टोकाला हायड्रोजन, दुसऱ्या टोकाला क्लोरीन, आणि धन टोकाची पोलादी टोपी गंजायला लागते. १८६५० सेलची (लॅपटॉपमध्ये असतो तो लांबट गोल सेल) टोपी कडेला नारिंगी होते, मग तिला टाचणीच्या टोकाएवढं भोक पडतं. व्होल्टेज अजून पुरतं उतरलेलंही नसतं आणि आतला इलेक्ट्रोलाइट पाण्यात यायला लागतो. त्यातल्या लिथियम हेक्झाफ्लोरोफॉस्फेटला पाणी लागलं की हायड्रोफ्लोरिक ॲसिड तयार होतं. सेल संपायच्या आधीच एक ड्रम विषारी पाणी तयार. मिठाऐवजी धुण्याच्या सोड्याचं द्रावण वापरलं तर गंज बराच कमी होतो, पण पाण्याचा प्रश्न उरतोच. आणि अख्खा ४८ व्होल्टचा पॅक पाण्यात कधीही टाकू नये.

कोरडा मार्ग म्हणजे रेझिस्टर. ४८ व्होल्ट, ३० अँपिअर-अवरचा पॅक घ्या. १० ओहमचा वायरवाउंड रेझिस्टर लावला की सुरुवातीला ४.८ अँपिअर करंट आणि २३० वॅट उष्णता. रेझिस्टर ५०० वॅटचा घ्यायचा, त्यावर पंखा ठेवायचा, आणि साडेसहा-सात तास द्यायचे. चूक होते ती पुढे. पॅकचा बीएमएस (सेलवर नजर ठेवणारं सर्किट) ठरलेल्या व्होल्टेजला खटका पाडतो, बाहेरच्या टोकांवर मीटर शून्य दाखवतो आणि माणूस समजतो की पॅक रिकामा झाला. आत प्रत्येक सेल अडीच व्होल्टच्या वरच असतो. तेव्हा बीएमएसच्या आधीच्या तारांवर मोजा, उरलेला चार्ज तिथूनच उतरवा. रेझिस्टर काढला की व्होल्टेज पुन्हा वर चढतं, म्हणून रात्रभर तो तसाच लावून ठेवायचा.

घणसोलीकर | सोमवार, २२:३१
मोबाइलची फुगलेली बॅटरी घरी मिठाच्या पाण्यात टाकायचा सल्ला बरेच जण देतात. तोही चुकीचाच ना?

ओहमचा नियम | सोमवार, २२:४०
@घणसोलीकर, चुकीचाच. पाऊच सेलचं आवरण म्हणजे नुसती प्लॅस्टिक चढवलेली ॲल्युमिनियमची पातळ फॉइल. फुगलेल्या सेलला टोचायचं नाही, दाबायचं नाही, चार्ज करायचं नाही. दोन्ही पट्ट्यांवर वेगवेगळी चिकटपट्टी लावा, पत्र्याच्या डब्यात कोरडी वाळू घालून त्यात ठेवा आणि बॅटरी घेणाऱ्या संकलन केंद्रावर द्या. घंटागाडीत अजिबात नको. पुढे कचरा दाबणाऱ्या गाडीत तो सेल चेपला की आत शॉर्ट होतो आणि भोवती सुका कचरा असतोच.

शिसपेन्सिल | मंगळवार, ०८:१५
थोडं अवांतर, पण धाग्याला धरून. सगळे लिथियमबद्दल बोलताहेत, आणि आजही भंगारात सर्वाधिक माणसांच्या हाताला लागते ती शिशाची बॅटरी. वजनाच्या ६० टक्क्यांच्या वर शिसं, ते ३२७ अंशांना वितळतं, म्हणून कुणालाही वाटतं की चुलीवरही होईल. पण जाळीवरचं लगद्यासारखं शिसं बहुतांश सल्फेट आणि ऑक्साइडच्या रूपात असतं. ते धातू म्हणून काढायला हजार अंशांच्या आसपासची भट्टी लागते, आणि त्या उष्णतेला निघणारा शिशाचा धूर उघड्या भट्टीत सरळ अंगावर येतो. व्यवस्थित कारखान्यात लगदा आधी सोडा ॲशमध्ये धुऊन गंधक काढतात आणि मग भट्टीत घालतात. धूर पिशव्यांच्या फिल्टरमधून जातो. त्या फिल्टरमधली धूळही शिशाचीच असते, ती पुन्हा भट्टीत घालायची.

दुसरी घाण भावातून होते. खरेदीदार ‘कोरड्या’ बॅटरीचं वजन धरतो, म्हणून भंगारवाला बूच काढून ॲसिड गटारात ओततो. भाव ॲसिडसकट, न फोडलेल्या बॅटरीला दिला तर हे जागच्या जागी थांबतं. त्याला यंत्र लागत नाही.

लिथियमवाल्यांनी हेही लक्षात घ्या: इन्व्हर्टरच्या १२ व्होल्टच्या खोक्यात आता एलएफपी (लिथियम लोह फॉस्फेट) सेल घातलेल्या बॅटऱ्या मिळतात. बाहेरून दोन्ही सारख्या दिसतात. अशी एखादी शिशाच्या कारखान्यातल्या फोडणी यंत्रात गेली की स्फोट. ओळखायच्या खुणा दोन. लेबलवर १२ ऐवजी १२.८ व्होल्ट, आणि वजन. १०० अँपिअर-अवरची शिशाची बॅटरी तीस किलोच्या आसपास भरते, एलएफपीची त्याच्या निम्म्याहूनही कमी. काट्यावर उभ्या माणसाला एवढं शिकवलं तर जीव वाचतात.

तळ्यांचं गाव | मंगळवार, ०८:५०
वजनाची खूण उत्तम. वाचनखूण साठवली.

पारसिक | मंगळवार, १३:२०
पुन्हा लिथियमकडे. डिस्चार्जनंतरची पायरी श्रेडर, म्हणजे सेलचे तुकडे करणारं यंत्र, आणि इथे आपलं हवामानच आड येतं. इलेक्ट्रोलाइटमधला डायमिथाइल कार्बोनेट १७-१८ अंशांनाच पेट घेण्याजोगी वाफ देतो. तळोज्यात जानेवारीच्या दुपारीसुद्धा त्याहून जास्त तापमान असतं. म्हणजे उघड्या शेडमध्ये श्रेडर लावला तर वर्षभर पेटत्या वाफेत ठिणग्या पाडण्यासारखं आहे. श्रेडर बंद पेटीत हवा, नायट्रोजनखाली, आणि ऑक्सिजन मीटर श्रेडरच्या मोटरला जोडलेला हवा. ऑक्सिजन वाढला की मोटर आपोआप थांबली पाहिजे. नुसता भोंगा वाजून भागत नाही.

मग निर्वात ड्रायर. डायमिथाइल कार्बोनेट ९० अंशांना उकळतो, तो सहज निघतो आणि कंडेन्सरमध्ये साठवता येतो. एथिलीन कार्बोनेट २४० च्या वर उकळतो, तो चिकटून राहतो. म्हणूनच स्वस्तात घेतलेल्या ब्लॅक मासला (सेल दळून मिळणारी धातूंची काळी पूड) गोडसर वास येतो आणि पावसाळ्यात पोतं दमट पडलं की बोटं चुरचुरतात. त्या पोत्यात फ्लोराइड आहे. हातमोजे घाला आणि असा माल परत पाठवा.

आता एक चूक जी फार जण करतात. जास्त दळलं म्हणजे जास्त ब्लॅक मास, असं समजून चाळणी अर्ध्या मिलिमीटरखाली नेतात आणि श्रेडर दोनदा फिरवतात. त्यात ॲल्युमिनियम फॉइलचीही पूड होते आणि काळ्या पुडीत मिसळते. वजन वाढलेलं दिसतं. पुढे ॲसिडच्या टाकीत त्या ॲल्युमिनियमच्या प्रत्येक किलोमागे साधारण १.३५ घनमीटर हायड्रोजन निघतो. हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला की ठिणगी पुरते. फॉइल जेवढी मोठ्या तुकड्यांत राहील तेवढं बरं, तांबं आणि ॲल्युमिनियम वेगळं विकताही येतं.

आम्लपित्त | मंगळवार, १९:४५
एवढी कटकट कशाला? भट्टीत टाका. १४०० अंशांच्या वर सगळं एकत्र वितळतं, वर्गीकरण नको, डिस्चार्ज नको, कोबाल्ट-निकेल-तांब्याचा मिश्रधातू खाली बसतो. जगात मोठे कारखाने असे चालतात.

फिल्टरप्रेस | मंगळवार, २१:००
@आम्लपित्त, चालतात, पण लिथियम आणि ॲल्युमिनियम मळीत (भट्टीत वर तरंगणाऱ्या टाकाऊ थरात) जातं आणि ग्रॅफाइट जळून जातं. आपल्या २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांत इलेक्ट्रिक वाहनांच्या आणि पोर्टेबल बॅटऱ्यांसाठी कोरड्या वजनातून किमान किती टक्के पदार्थ परत मिळवायचे ते दिलंय: २०२४-२५ साठी ७०, २०२५-२६ साठी ८०, आणि २०२६-२७ पासून ९०. ग्रॅफाइट जाळून आणि लिथियम मळीत सोडून ९० कसे गाठणार? शिवाय एलएफपी माल भट्टीत घातला तर खाली बसायला कोबाल्टही नाही आणि निकेलही नाही. इंधन मात्र तेवढंच जळतं.

आम्लपित्त | मंगळवार, २१:१२
एलएफपीचा मुद्दा मान्य. पण भट्टीच्या चिमणीवर एकच स्क्रबर (धूर धुणारं यंत्र) सांभाळायचा असतो, ॲसिडवाल्यांना पाच टाक्या आणि सात पंप. जितके जोड तितक्या गळती.

फिल्टरप्रेस | मंगळवार, २१:५८
गळतीचं बरोबर आहे, आणि म्हणूनच हिशेब मांडते. आधी फ्लोरिनचा, कारण त्याबद्दल कुणीच बोलत नाही.

एक टन सेलमध्ये शंभर लिटर इलेक्ट्रोलाइट धरा. लिटरमागे एक मोल लिथियम हेक्झाफ्लोरोफॉस्फेट, म्हणजे एकूण १५ किलो. त्यात फ्लोरिन ११.४ किलो. कॅथोडची, म्हणजे धन बाजूची, पूड फॉइलला चिकटवणारा पीव्हीडीएफ (एक प्लॅस्टिक) यात धरलेलाच नाही, त्याच्या वजनात ५९ टक्के फ्लोरिन असतं. सार्वजनिक गटारात सोडायच्या पाण्याला फ्लोराइडची मर्यादा लिटरमागे १५ मिलिग्रॅम. नुसतं पाणी ओतून ११.४ किलो त्या मर्यादेत आणायचं तर ७६० घनमीटर पाणी लागेल, दहा हजार लिटरचे ७६ टँकर. एक टन मालासाठी! आणि तरी ते सगळं खाडीतच जाणार.

म्हणून चुना. कॅल्शियम फ्लोराइड खाली बसतं. पण त्याचीही विद्राव्यता आहे, लिटरला १६ मिलिग्रॅम, त्यात फ्लोराइड ८ च्या आसपास. प्रत्यक्षात गाळ बारीक असतो, निवळत नाही, आणि १० ते २० वर गाडी अडते. नदीनाल्यासाठीची मर्यादा तर २ आहे. तिथे पोचायला चुन्यानंतर सक्रिय ॲल्युमिनाचा स्तंभ लागतो. सल्फेटचं पाणी आणि फ्लोराइडचं पाणी एकाच टाकीत सोडलंत तर चुना जिप्सम बनवण्यात खर्च होतो, पाइपात पांढरा थर धरतो आणि गाळ दुप्पट होतो. दोन्ही पाणी पहिल्या दिवसापासून वेगळं ठेवा.

रेतीबंदर | मंगळवार, २२:३०
हा प्रतिसाद छापून भिंतीवर लावावा असा आहे. ताई, पीव्हीडीएफचं काय करायचं? जाळला तर फ्लोरिन हवेत, ठेवला तर पूड फॉइलवरून सुटत नाही.

पारसिक | मंगळवार, २२:५५
@रेतीबंदर, नायट्रोजनखाली ५०० अंशांच्या आसपास तापवला की तो तुटतो आणि पूड सहज झडते. निघणारा वायू कॉस्टिकच्या स्क्रबरमधून न्यायचा आणि स्क्रबरचं पाणी फिल्टरप्रेसताईंनी सांगितलेल्या फ्लोराइडच्या टाकीत सोडायचं. तापमान मात्र ६०० च्या खालीच ठेवा. ६६० ला ॲल्युमिनियम वितळतं आणि पुडीभोवती गोळ्या धरतं. मग ना ॲल्युमिनियम हाती लागतं ना कोबाल्ट. भट्टीच्या मधोमध एक आणि भिंतीशी एक असे दोन थर्मोकपल हवेत, भिंतीकडे ताप नेहमी जास्त.

ओहमचा नियम | मंगळवार, २३:१०
मला ही भट्टीची पायरी पटत नाही. कॅथोडची पूड पुन्हा लिथियम भरून थेट वापरायची असेल तर ग्रॅफाइटबरोबर तापवणं घातक. ५०० च्या वर कार्बन कॅथोडमधला ऑक्सिजन ओढायला लागतो आणि रचना मोडते. सेल कारखान्यातली कातरण, न वापरलेली फॉइल असा माल द्रावकात भिजवून सोडवावा. त्याला ॲसिडही नको आणि भट्टीही नको.

पारसिक | मंगळवार, २३:२४
कातरणीसाठी शंभर टक्के मान्य. पण भंगारातून आलेल्या मिश्र मालात पाच कंपन्यांची पाच रसायनं असतात, शिवाय सेल शून्यापर्यंत उतरवल्याने तांबं विरघळून कॅथोडवर बसलेलं. तो थेट वापरता येत नाही. मालानुसार वाट ठरवायची.

प्रश्नचिन्ह | बुधवार, ०९:०५
खूप शिकायला मिळतंय, सगळ्यांचे आभार. पण माझा मूळ प्रश्न बाजूलाच राहिला. सायट्रिकचं काय?

फिल्टरप्रेस | बुधवार, २१:३०
तो हिशेबही करून टाकू. प्रयोगशाळेतली बरीच उद्धृत केली जाणारी कृती अशी: सायट्रिक ॲसिड १.२५ मोलार, थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड, ९० अंश, अर्धा तास, आणि लिटरमागे २० ग्रॅम पूड. आता हे एका टनाला लावा. लिटरला २० ग्रॅम म्हणजे एका टनाला ५० हजार लिटर द्रावण. १.२५ मोलार म्हणजे लिटरला २४० ग्रॅम. एक टन काळ्या पुडीला १२ टन सायट्रिक ॲसिड!

सल्फ्युरिकमध्ये लिथियम कोबाल्ट ऑक्साइडच्या एका टनाला समीकरणाप्रमाणे दीड टन ॲसिड पुरतं, थोडं जास्त धरून दोन टन. २ मोलार ॲसिडमध्ये लिटरला १०० ग्रॅम पूड घातली तर द्रावण दहा हजार लिटर. पाचपट लहान टाकी.

शिवाय सायट्रेट धातूला धरून ठेवतं. कोबाल्ट-निकेल खाली बसवायला पीएच वाढवला तरी ते सुटत नाहीत. उरलेल्या पाण्याची ऑक्सिजनची मागणी लिटरला पावणेदोन लाख मिलिग्रॅमच्या घरात, आणि मर्यादा २५० ची. लिंबाचं नाव असलं तरी असं पाणी खाडीत गेलं तर पाण्यातला प्राणवायू संपवून मासे मारेल.

तळ्यांचं गाव | बुधवार, २१:४१
१२ टन! वाशीच्या बाजारातली सगळी लिंबं पिळून ठेवायला हवीत. :)

रेतीबंदर | बुधवार, २२:०२
मग सल्फ्युरिक निर्दोष म्हणायचं का?

फिल्टरप्रेस | बुधवार, २२:४०
नाही. त्याचा दोष मीठ. दीड टन ॲसिड घातलं की ते कधीतरी कॉस्टिकने किंवा सोडा ॲशने मोडावं लागतं. सगळं मोडलं तर एक किलो लिथियम कोबाल्ट ऑक्साइडमागे २.२ किलो सोडियम सल्फेट. माल एक टन, मीठ दोन टनांहून जास्त. हे पाणी औद्योगिक वसाहतीच्या सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रात पाठवलं तर तिथली जिवाणूंची टाकी विरघळलेल्या मिठाचं काहीही करू शकत नाही, ते जसंच्या तसं पुढे जातं.

कमी करायचे तीन मार्ग आहेत. कोबाल्ट आणि निकेल हायड्रॉक्साइड म्हणून न काढता सल्फेटचे स्फटिक म्हणूनच विकायचे, तेवढं कॉस्टिक वाचतं. उरलेलं द्रावण थंड करून मीठ स्फटिकरूपात काढायचं. सोडियम सल्फेट ३२ अंशांना सर्वाधिक विरघळतं आणि शून्याजवळ त्याच्या दहाव्या हिश्शाएवढंच, म्हणून आपल्या हवेत चिलर लागणारच. तिसरा, द्विध्रुवी पटलांनी विजेवर त्या मिठाचं पुन्हा ॲसिड आणि कॉस्टिक करायचं. वीज खाते, आणि कॅल्शियमचा अंश राहिला तर पटलं बंद पडतात, पण खरी स्वच्छता इथेच आहे. ॲसिड सायट्रिक की सल्फ्युरिक यापेक्षा ते परत फिरतं का, हे विचारा.

लिथियमसाठी एक सूचना. लिथियम कार्बोनेट गरम पाण्यात कमी विरघळतं, थंडात जास्त. २५ अंशांना लिटरला १३ ग्रॅम, उकळीला सात-साडेसात. म्हणून सोडा ॲश घालताना द्रावण ९० च्या वर हवं आणि फिल्टर प्रेसमधला गाळ उकळत्या पाण्यानेच धुवायचा. रात्रपाळीला बॉयलर बंद असताना नळाच्या पाण्याने धुतला की माल गटारात.

पारसिक | बुधवार, २३:०५
एलएफपीला तर याहून कमी ॲसिड लागतं. पेरॉक्साइडबरोबर ॲसिड मोजून घातलं तर नुसतं लिथियम द्रावणात येतं आणि लोह फॉस्फेट घन स्वरूपात मागे राहतं. एका टनाला समीकरणाने ३१० किलो ॲसिड. पण मालात एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्टवाला सेल) मिसळला की हा हिशेब कोलमडतो. म्हणून वर्गीकरण. व्होल्टेजवर जाऊ नका, रिकामा सेल दोन्हीकडे सारखाच दिसतो. क्ष-किरण पिस्तुलाला (धातू ओळखणारं हातातलं यंत्र) बाहेरून फक्त पोलादी डबा दिसतो. प्रत्येक लॉटमधला एक सेल उघडून कॅथोडच्या फॉइलवरच पिस्तूल धरा.

प्रश्नचिन्ह | गुरुवार, ०८:४०
माझी अट मागे घेतो. मग संमतिपत्राच्या वेळी किंवा जनसुनावणीत नागरिकांनी मागायचं काय?

फिल्टरप्रेस | गुरुवार, २१:१५
तीन आकडे लेखी मागा. टनामागे फ्लोरिन किती किलो येतं आणि ते कुठल्या गाळात, किती किलो जातं. सोडियम सल्फेट किती निघतं आणि ते कोण घेतं. लिथियम किती टक्के परत मिळतं. पहिल्याचं उत्तर ‘शून्य’ आलं तर ते हवेत किंवा पाण्यात गेलंय असं समजा.

शिसपेन्सिल | गुरुवार, २१:३२
चौथा: ब्लॅक मासची पोती पावसाळ्यात कुठे ठेवणार. पत्र्याची शेड पुरत नाही. उंच चौथरा, तीन बाजूंनी भिंत, आणि चौथऱ्यावरचं पाणी बाहेरच्या नाल्यात न जाता कारखान्याच्याच टाकीत. जूनच्या पहिल्या सरीला बघून या, नकाशात हे दिसत नाही.